दंडावरचे सहा रंग

आमच्या घरात जेवायला बसायचं म्हणजे आधी झेंडे उचलावे लागत. शहाडच्या चाळीतली दीड खोली, तिच्यात आई, पप्पा, मी, आईचं शिलाई मशीन आणि थंडी संपली की मे महिन्यापर्यंत पंचशील ध्वजांचे गठ्ठे. कल्याण आणि आजूबाजूच्या बऱ्याच विहारांचं काम आईकडे यायचं. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि कडेला सहावा, ज्यात हेच पाच रंग छोटे तुकडे करून एकाखाली एक जोडलेले. पाच पट्टे कोणीही शिवेल, आई म्हणायची, सहाव्यात हात कळतो. तुकडे जरा सरकले की आई सगळं उसवायची आणि पुन्हा बसायची. मशीनची खडखड, कुकरची शिट्टी आणि कारखान्याचा भोंगा, या तीन आवाजांवर आमचं घड्याळ चालायचं. रंगीत दोरे सगळीकडे असत. वरणात निघत, उशीवर निघत. एकदा सरावाच्या वेळी माझ्या मोज्यातून केशरी दोरा लोंबत होता, तो बघून कोच म्हणाले होते, "अरे, घरी जिलबी करतात का तुझ्या?"

पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने आठवणी लिहायला बसावं हे जरा हास्यास्पद आहे, मला कळतं. पण फुटबॉलवाल्याचं म्हातारपण लवकर येतं. माझा उजवा गुडघा दोनदा उघडून झाला, जिना उतरताना मी कठड्याला धरतो, आणि टर्फच्या मैदानावर ज्या पोरांना शिकवतो ती मला "सर, तुमच्या जमान्यात" असं म्हणून प्रश्न विचारतात. गुडघ्याचं वय धरलं तर मी साठीला आलोच आहे. शिवाय थकवा म्हणून एक वेगळी गोष्ट असते, ती वयावर नसते. ती एखादी गोष्ट किती वर्षं न बोलता धरून ठेवली यावर असते.

पप्पा कारखान्यात फिटर होते. पहाटे उठून आंघोळ, मग बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती, वंदना, पंचशील. त्यांचा आवाज चांगला नव्हता, पण शब्द असे स्पष्ट की शेजारच्या खोलीतल्या काकू चहा टाकता टाकता त्यांच्याबरोबर म्हणायच्या. पाच शीलांतलं चौथं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, हे त्यांनी नुसतं म्हणण्यापुरतं ठेवलं नव्हतं. मी सातवीत असताना वाण्याच्या दुकानात माझ्या हातून बरणी फुटली. कोणी बघितलं नाही, वाणी मांजरावर ओरडला. मी ती गंमत घरी सांगितली, तर पप्पांनी मला चप्पल घालायला लावली आणि परत दुकानात नेलं. "सांग," म्हणाले. मी सांगितलं. वाण्यालाच लाजल्यासारखं झालं. येताना पप्पा माझा हात धरून चालले. सातवीतल्या मुलाचा हात धरून.

अशा माणसाला फुटबॉल आवडला नाही. मी आयटीआय करावं, परीक्षा द्याव्यात, सरकारी नोकरी धरावी एवढं त्यांचं मागणं होतं, आणि ते चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मी क्लबमध्ये गेलो, कागदावर सही केली, व्यावसायिक खेळाडू झालो, तरी ते एकदाही सामन्याला आले नाहीत. घरी त्यांनी त्यावर भांडण केलं नाही. फक्त बोलणं कमी झालं. संध्याकाळी मी आलो की दारातच विचारायचे, "पाय बरा आहे का?" मी म्हणायचो, "बरा आहे." घोटा भोपळ्याएवढा सुजलेला असला तरी बरा आहे. आमच्या घरात चालणारं खोटं एवढं एकच, आणि ते दोघांनाही माहीत होतं. कित्येक वर्षं आम्ही बापलेक या दोन वाक्यांवर जगलो.

आमचा क्लब मोठा नव्हता. दुसऱ्या फळीची लीग, ठाण्यातलं मैदान, प्रेक्षक म्हणजे अर्धे खेळाडूंचे नातेवाईक. कर्णधार होता प्रतीक पाटील. बाळकुमचा, तिथल्या जुन्या आगरी घरातला. आजोबांची शेती आणि मिठागर होतं, त्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. प्रतीक गाडीतून यायचा पण खेळायचा रस्त्यावरच्या पोरासारखा. मी स्टॉपर, बचावाच्या मधोमध, तो माझ्या पुढे मधल्या फळीत. मागून मी "प्रत्या, डावीकडे" म्हणालो की मान न वळवता त्याला कळायचं. प्रतीकवर माझं प्रेम होतं का? आज विचारलं तर होतं म्हणेन. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी मारामारी केली असती.

मी कोणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःला सांगितलं होतं, तेही हळू आवाजात. ड्रेसिंग रूममध्ये ज्या शिव्या चालतात त्यातल्या निम्म्या माझ्यासारख्यांच्या नावाने असतात, आणि त्या मीही देत होतो, इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच.

मग एका सामन्याच्या आधी क्लबच्या मॅनेजर बाई खोलीत आल्या. त्यांच्या हातात कर्णधाराचा दंडावर बांधायचा पट्टा होता, पण नेहमीचा पिवळा नाही, सहा रंगांचा. समलिंगी लोकांना खेळात जागा आहे, त्यांना आपला पाठिंबा आहे हे दाखवायला या एका सामन्यापुरता कर्णधाराने हा घालायचा. बाई शांतपणे म्हणाल्या, "जबरदस्ती नाही. ज्याची त्याची मर्जी. नाही घातला तरी कोणी काही विचारणार नाही." त्या बाहेर गेल्या आणि खोलीत जे व्हायचं ते झालं. एकाने बायकी चाल करून दाखवली, दुसऱ्याने टाळी वाजवली. मी बुटाची लेस बांधत होतो. बांधून झालेली लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

प्रतीक हसला नाही. पट्टा हातात घेऊन तो बराच वेळ बसला, मग माझ्या शेजारी आला. "सुम्या, मना नाय जमाचा रं. माझा लगीन ठरलंय. फोटो गावाचे ग्रुपवर जाल, हलदीत पोरा मना सोडतील काय? माझा त्यांच्याशी काय वाकडा नाय. जगू दे ना ज्याला जसा जगाचाय. पन मना नको." त्याने ते लपवून, काहीतरी दुखतंय म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. त्याने सरळ सांगितलं. मी उपकर्णधार. तो म्हणाला, "तू घालशील? तुना नको आसल त नको." मी म्हणालो, "दे." त्याने स्वतः तो माझ्या दंडावर चढवला आणि वरून एक चापट मारली.

त्या नव्वद मिनिटांचं काय सांगू? मी दुसऱ्याचा सदरा घालून आलो आहे आणि तो मला बरोबर बसला आहे, असं सारखं वाटत होतं. भीती तर होतीच, पण भीतीच्या खाली एक सुख होतं, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, उघड्यावर भोगत होतो. कोणालाच माहीत नाही आणि सगळ्यांना दिसतंय. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवर माझं डोकं लागलं आणि गोल झाला. मी हात वर करून पळालो. कोणीतरी फोटो काढला.

तो फोटो एका वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर आला. छपाई अशी की रंग एकमेकांत गेलेले, माझे कानसुद्धा निळे. खाली फक्त माझं नाव आणि निर्णायक गोल एवढंच. आईने मला नंतर सांगितलं, पप्पांनी पेपर दारातल्या उजेडात धरला. त्यांच्या डोळ्यांना तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात झाली होती, पण ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायचे. त्यांनी माझ्या दंडावरचे पट्टे बोटाने मोजले. सहा. आमच्या घरात सहा रंगीत पट्ट्यांचा अर्थ एकच होता.

मी संध्याकाळी आलो तेव्हा ते चाळीच्या तोंडाशी उभे होते. "पाय बरा आहे का" विचारलं नाही. माझ्या दंडावर हात ठेवला, बरोबर जिथे पट्टा होता तिथे, आणि म्हणाले, "एवढ्या लोकांसमोर तू आपला पंचशील दंडावर बांधलास. मला बोलला पण नाहीस." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तोंड उघडलं, पण ते आधीच पुढे चालायला लागले होते, दारादारात सांगत, "आमचा सुमेध आला." घरात आईने सुकट केली होती, बटाटा घालून, आणि ज्वारीच्या भाकऱ्या. पप्पांनी स्वतःच्या हाताने मला वाढलं. वाढता वाढता विचारलं, "पण कॅप्टन तर तो पाटलांचा मुलगा ना? मग तुझ्याकडे कसा आला?"

मी म्हणालो, "तो नको म्हणाला. मग मला दिला."

हे खरं होतं. माझ्या आयुष्यात मी बोललेल्या खोट्यांपैकी एकानेही या खऱ्या वाक्याएवढं नुकसान केलेलं नाही.

"नको म्हणाला," पप्पा म्हणाले, आणि मान हलवली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांनी दुसरी भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. इतक्या वर्षांनी ते माझ्याकडे बघून जेवत होते. मी ती अर्धी भाकरी खाल्ली आणि गप्प राहिलो. आई मशीनपाशी पाठमोरी बसली होती. पेपर तिलाही दाखवला होता, तिने बघून "हं" म्हटलं होतं, एवढंच.

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात माझा सत्कार ठेवला. सगळी पांढऱ्या कपड्यांत, मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात खीर शिजतेय, वेलचीचा वास, बायका पत्रावळींचे गठ्ठे सोडतायत. पप्पांनी माझ्यासाठी पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. मला शाल दिली, गुलाब दिला. मग विहाराचे अध्यक्ष कांबळे काका माइकवर आले. काका मनाने चांगला माणूस, पण माइक हातात आला की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नसे. "या मैदानात," ते म्हणाले, "जिथे कोणी विचारत नाही आपल्याला, तिथे आपल्या पोराने पंचशील मिरवला. आणि तिथल्या कॅप्टनला, पाटलाच्या पोराला, आपला झेंडा दंडावर बांधायची लाज वाटली. नको म्हणाला तो! ह्यांच्या मनातली जात अजून जात नाही." टाळ्या पडल्या. माणसं चिडून टाळ्या वाजवतात तशा. आणि त्या चिडण्यात खोटं काही नव्हतं, तेच तर वाईट होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी काहीतरी नको म्हटलं होतं. कोणाला पाणी, कोणाला भाड्याने खोली. पप्पांना कारखान्यात पहिली काही वर्षं कोणी डब्याला बसवून घेतलं नव्हतं, हे मला आईने सांगितलेलं, त्यांनी नाही.

मग माइक माझ्याकडे आला. पहिल्या रांगेत पप्पा होते. मी त्यांचा चेहरा तसा पूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आता सांगायचं असेल तर पूर्ण सांगायला लागणार होतं. प्रतीकने झेंडा नाकारला नाही म्हटलं, तर मग काय नाकारलं? आणि ते तू का घातलंस? मी म्हणालो, "सगळ्यांना जय भीम. गोल सगळ्या टीमचा होता." आणि बसलो. लोकांना वाटलं पोरगा नम्र आहे.

कोणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते बाळकुमला पोचलं.

प्रतीकने फोनवर फक्त "घरी ये" म्हटलं. त्याच्या आजीच्या नावाचा तो बंगला, चहूबाजूंनी उंच इमारती, त्यामुळे अंगणात भर दुपारी सावली. त्याने मला आत बोलावलं नाही, अंगणातल्याच झोपाळ्यावर बसवलं. त्याची आई सरबत ठेवून गेली, माझ्याकडे न बघता. प्रतीक म्हणाला, "माझे बापाचे साईटवर निम्मी मानसा तुमची हायेत. कालपासना कोन मनाशी बोलत नाय. ज्यो मुकादम मना लहानपनी खांद्यावं घेऊन फिरवाचा, त्याने तोंड फिरवला. सुम्या, मी कवा तुमचे झेंड्याला काय बोललो? तुझे घरची सुकट खाल्लीय मी." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू फकस्त त्यांना सांग, त्यो कसला पट्टा व्हता. एवढाच सांग."

मी म्हणालो, "नाही सांगता येत."

"कनाला?"

मी झोपाळ्याच्या कडीकडे बघत बसलो. पाय जमिनीला टेकवून झोपाळा थांबवलेला होता, तरी कडी कुरकुरत होती. प्रतीक माझ्याकडे बघत होता, आणि मागून मी नुसती हाक दिल्यावर त्याला जसं कळायचं तसं त्याला कळलं.

"अच्छा," तो म्हणाला. मग, "कवापासना?"

"आधीपासून."

त्याने सरबताचा ग्लास माझ्या हातात दिला. "मंग ऱ्हाव दे. माझेवर ऱ्हाव दे. चार दिस बोलतील, इसरतील." आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला. ज्याने पट्टा घालायला नकार दिला तो माझ्यासाठी अख्ख्या गावाचा बोल अंगावर घ्यायला तयार झाला, आणि ज्याने घातला तो गप्प बसला होता. पुढे या विषयावर पुष्कळ भाषणं ऐकली, चांगली चांगली माणसं बोलली. कोण आपल्या बाजूचं आणि कोण नाही हे पट्ट्यावरून ठरवायला लागलं की मला त्या झोपाळ्याची कुरकुर ऐकू येते आणि मी उठून पाणी प्यायला जातो.

घरी आलो तेव्हा पप्पा नव्हते. आई जमिनीवर कापड पसरून कात्री चालवत होती. मी शेजारी बसलो. ती कात्री न थांबवता म्हणाली, "पांढरा नव्हता त्यात."

"कशात?"

"तुझ्या दंडावर. पांढरा नव्हता आणि हिरवा होता. जांभळा पण होता. इतकी वर्षं शिवतेय मी, मला काय पेपरातनं कळत नाही?" तिने कात्री ठेवली. "मी त्याच दिवशी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुला स्वतःच्या हाताने वाढत होते रे," आई म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने बोलू?"

मग मी तिला सांगितलं. ते कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. वाक्य धड झालं नाही एवढं आठवतं. मुलीशी लग्न करणार नाही म्हणालो, मी तसा आहे म्हणालो, तो पट्टा तशा माणसांसाठी होता म्हणालो. आईने एक निळा तुकडा उचलला, त्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण ती रडली नाही. "मला हे समजायला वेळ लागेल," ती म्हणाली. "तू घाई करू नकोस आणि मी पण करत नाही. पण त्या पोराचं काय? त्याची हळद आहे ना पुढच्या महिन्यात? त्याने काय केलं कोणाचं? ते आधी कर. आज कर."

"पप्पांना तू सांग ना, आई."

"मी सांगितलं तर ते म्हणतील, तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस. ते खरंच आहे. पण तू सांगितलंस तर तुझं तरी सुटेल."

त्या दिवशी मात्र माझ्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी पप्पांची वंदना होईपर्यंत मी मागे बसून राहिलो. पाचही शीलं झाली. मेणबत्तीसमोर, मूर्तीच्या पायाशी, तो पट्टा होता, मी केलेल्या घडीतच. मी क्लबला परत न देता घरी आणला होता आणि पप्पांनी तो माझ्या पिशवीतून काढून तिथे ठेवला होता. घडीत लाल आणि नारिंगी तेवढा वर दिसायचा. मी म्हणालो, "पप्पा, तो पंचशील नाही." आणि मग बाकीचं.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर एकच विचारलं. "म्हणजे त्या मुलाने झेंडा नाकारला नाही."

"नाही."

ते उठले, सदरा चढवला, बाहेर पडले. मला वाटलं कारखान्यात गेले. ते कांबळे काकांकडे गेले होते. रविवारच्या वंदनेला विहारात सगळे जमल्यावर पप्पा उभे राहिले. माइक घेतला नाही. म्हणाले, "पेपरातला तो पट्टा आपला पंचशील नव्हता. माझ्या डोळ्यांची चूक झाली, आणि ती मी तुम्हा सगळ्यांना सांगत सुटलो. पाटलांच्या मुलाने आपल्या झेंड्याला काहीही म्हटलेलं नाही. मी त्याचा गुन्हेगार आहे. मी आज त्याच्या घरी जाऊन माफी मागणार आहे." कोणीतरी मागून विचारलं, "मग कसला पट्टा होता तो?" पप्पा थोडे थांबले. मी दाराशी उभा होतो. पप्पा म्हणाले, "ते त्याला माहीत. तो माझा मुलगा आहे, चोर नाही." आणि खाली बसले.

ते खरंच बाळकुमला गेले. प्रतीकने नंतर मला सांगितलं की ते अंगणात हात जोडून उभे राहिले आणि त्याची आई एवढी गोंधळली की तिने त्यांना हळदीचं आमंत्रण दिलं. ते हळदीला गेलेही. मी गेलो नाही. मला कसंतरीच झालं असतं, आणि प्रतीकलाही ते माहीत होतं.

त्या रविवारी बाळकुमहून माफी मागून ते परत आले, हातपाय धुतले, आईने चहा दिला. मूर्तीच्या पायाशी ठेवलेला पट्टा त्यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. चिडून नाही, जपून दिला. "त्या मुलाचं झालं," म्हणाले. "तुझं मला जमेल असं वाटत नाही. खोटं कशाला बोलू?"

मी त्यांच्यावर कधी रागावू शकलो नाही याचं कारण हे शेवटचं वाक्य आहे. दुसरे बाप ओरडले असते, मारलं असतं, लग्न लावून दिलं असतं. यांनी आपल्याला काय झेपत नाही ते सांगितलं आणि गप्प झाले. पण त्या दिवसानंतर त्यांनी "पाय बरा आहे का" विचारायचं सोडलं. मी दारात यायचो, ते पेपर वर करायचे. राग सोसता येतो, ते न विचारणं सोसायला मला फार जड गेलं. माझा गुडघा पहिल्यांदा गेला तेव्हा ते इस्पितळात सगळे दिवस बाकावर बसून होते, डबा आणायचे, औषधं आणायचे. विचारलं मात्र नाही. पुढे मी बाळकुमला टर्फवर नोकरी धरली, तिथेच भाड्याने राहायला लागलो. टर्फ प्रतीकच्या घरच्यांचंच आहे. मी एकटा राहतो. मध्ये काही वर्षं एकटा नव्हतो, ती गोष्ट वेगळी, आणि ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय ती लिहिणार नाही.

गेल्या महिन्यात पप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. वर्षानुवर्षं टाळत आले होते, शेवटी आईच्या अंगावर चहा सांडला तेव्हा तयार झाले. पट्टी काढल्यावर मी शहाडला गेलो. आईचं मशीन आता मोटरवर चालतं, खडखड नाही, नुसती गुणगुण. पप्पा दारातल्या उजेडात बसून घरातल्या एकेका वस्तूकडे बघत होते, नव्या भाडेकरूसारखे. आईला म्हणाले, "या भिंतीला हा रंग आहे?" आई म्हणाली, "दहा वर्षं झाली देऊन." मग त्यांनी वंदनेचं छोटं पुस्तक मागितलं. मला वाटलं अक्षरं दिसतात का बघायचं असेल. त्यांनी ते मधोमध उघडलं आणि आतून पेपरचं कात्रण काढलं, चार घड्या घातलेलं, घडीवर फाटायला आलेलं. माझे निळे कान, वर केलेला हात. हे त्यांनी ठेवलं होतं मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, तिचं मशीन थांबलं.

त्यांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. बोट ठेवून मोजायला लागले, आईने सांगितलं होतं अगदी तसंच.

"हिरवा आहे रे यात," म्हणाले.

"आहे, पप्पा."

"आणि हा जांभळा."

"हो."

"पांढरा नाहीच आहे." असं म्हणून ते बराच वेळ बघत राहिले. मग घड्या होत्या तशाच घातल्या, कात्रण पुस्तकात ठेवलं, पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी मी त्यांना किती म्हातारा दिसलो असेन कोण जाणे.

"पाय बरा आहे का?" त्यांनी विचारलं.

बरा आहे हे शब्द सवयीने माझ्या तोंडापर्यंत आले होते. मी ते गिळले.

"दुखतो," मी म्हणालो. "फार दुखतो, पप्पा."

त्यांनी बाजूचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "बस," म्हणाले.